नापास कोण झालं?

(चाकूर येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा विषय झाला, ज्वारीचा झाला, विजेचा झाला. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय आहे 'शाळा आणि परीक्षा'. शेवटचा विषय आला की माणसं पिशव्या आवरायला लागतात, कुणाला एसटी गाठायची असते, कुणाची धार काढायची राहिलेली असते. तरीही अर्धा तास बसा. भाव पडला तर एका हंगामाचं नुकसान होतं. पोराचं शिक्षण बुडालं तर चाळीस-पन्नास हंगामांचं होतं.

विषय असा आहे. २०२३-२४ या शाळेच्या वर्षापासून आपल्या राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. प्रत्येक विषयात ३५ टक्के मिळवायचे. नाही मिळाले तर पुन्हा परीक्षा. तिथंही नाही जमलं तर पोर त्याच वर्गात. तेरा-चौदा वर्षं जे बंद होतं ते पुन्हा सुरू झालं. गावागावांत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय निघतो आणि समितीतले आपलेच लोक आपल्याला विचारतात, 'आपण काय म्हणायचं? नापास करा म्हणायचं, का करू नका म्हणायचं?' त्याचं उत्तर आज शोधायचं आहे.

कायद्याचा फेरा

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण पारावर त्याच्याविषयी अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

शिक्षण हक्क कायदा संसदेनं २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमात लिहिलं होतं की प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही, शाळेतून काढायचं नाही. लोकांनी याचा अर्थ लावला, 'आठवीपर्यंत परीक्षाच नाही.' हे खोटं होतं. त्याच कायद्यात मुलाचं सतत आणि सर्व बाजूंनी मूल्यमापन करायला सांगितलं होतं. म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदा नव्हे, वर्षभर पाहत राहायचं: काय आलं, काय नाही आलं, आणि नाही आलं ते पुन्हा शिकवायचं. कायद्यानं नापासाचा शिक्का काढला, शिकवण्याची जबाबदारी काढली नव्हती. प्रत्यक्षात काय झालं? शिक्का गेला आणि शिकवणं मात्र वाऱ्यावर राहिलं. मूल्यमापनाचे कागद भरले गेले, नोंदवह्या सजल्या, आणि पोर पाचवीतून सहावीत, सहावीतून सातवीत ढकललं गेलं.

मग २०१९ च्या जानेवारीत कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वर्षाअखेरीस परीक्षा घ्यायची. जे मूल नापास होईल त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. त्यानंतरही नापास झालं तर मागं ठेवायचं की नाही ते राज्यांनी ठरवायचं. शाळेतून मात्र काढता येणार नाही. महाराष्ट्रानं २०२३ साली नियम बदलले आणि मागं ठेवायचं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनंही आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी तसंच केलं.

या दुरुस्तीतला एक शब्द खाली अधोरेखित करून ठेवा: 'जादा शिकवायचं'. नापास करण्याची मुभा राज्यांना आहे. जादा शिकवणं आणि पुन्हा संधी देणं हे मात्र कायद्याचं बंधन आहे. मुभा आहे ती ताबडतोब वापरली जाते आणि बंधन आहे ते कागदावर राहतं, हा सरकारी कारभाराचा जुना अनुभव आपल्याला सांगायला नको.

तीन प्रकारच्या परीक्षा

परीक्षा हा शब्द एकच आहे, पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. शेतकऱ्याला त्या समजायला अवघड नाहीत, कारण तिन्ही आपल्या शिवारात आहेत.

पहिली, माती परीक्षण. मातीचा नमुना प्रयोगशाळेत जातो. सामू किती, नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती ते कळतं. स्फुरद कमी असेल तर मातीला कुणी नापास करत नाही. काय घालायचं ते सांगतात. ही निदानाची परीक्षा. आपल्या शाळांत आज वर्षातून तीनदा जी चाचणी होते, पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन, ती या जातीची असायला हवी. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयापासून राज्यभर एकसारख्या चाचण्यांची चाल पडली. पुढं त्याच वाटेनं 'नियतकालिक मूल्यांकन चाचणी' आली: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी, राज्यभर एकच पेपर.

दुसरी, पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात काही शेतं निवडतात, ठरलेल्या मापाचा तुकडा कापतात, वजन करतात आणि सगळ्या मंडळाचं उत्पन्न काढतात. शाळांत ही परीक्षा केंद्र सरकार घेतं. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबर २०१७ ला झालं, मग १२ नोव्हेंबर २०२१ ला. 'परख' नावानं ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची पाहणी झाली. यात काही शाळा, काही मुलं घेतात आणि जिल्ह्याचा आकडा काढतात. जिल्हा कुठं आहे ते यातून कळतं. तुमची पोरगी कुठं आहे ते कळत नाही. मंडळाची सरासरी चांगली आली म्हणून आपलं वाळलेलं रान हिरवं होत नाही, हे पीकविम्यानं आपल्याला चांगलं शिकवलं आहे.

तिसरी, ग्रेडरची परीक्षा. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावर ग्रेडर बोंड हातात घेऊन एक शब्द बोलायचा आणि वर्षाच्या कष्टाची किंमत ठरायची. पाऊस कधी पडला, बोंडअळी आली का, रान हलकं का भारी, याच्याशी त्याला देणं-घेणं नव्हतं. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा आणि आता पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा या जातीची आहे. ती प्रत लावते.

प्रत लावणं पाप नाही. कधीतरी लावावी लागते. पण दहा वर्षांच्या लेकराला प्रत लावायची, का त्याचं माती परीक्षण करायचं, हा खरा सवाल आहे. तिन्ही परीक्षांची सरमिसळ झाली की घोटाळा सुरू होतो.

आकडा वाकतो कसा

माती परीक्षणाचा नमुना घेताना सांगतात की बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका, निकाल खोटा येईल. आपण तरी खोटी माती कशाला देऊ? त्यात आपला काही फायदा नसतो. पण समजा, सरकारनं उद्या सांगितलं की ज्याच्या मातीत नत्र कमी त्याचा पाणीपुरवठा बंद. मग सगळे जण ढिगाजवळचीच माती पाठवतील. आकड्याला शिक्षा जोडली की आकडा वाकतो.

आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याचं उदाहरण घ्या. २०१० च्या बोर्डाच्या परीक्षांच्या वेळी तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान राबवलं. नांदेडचा निकाल धाडकन खाली आला. पोरं एका वर्षात मूर्ख झाली नव्हती. आधीच्या आकड्यात हवा होती, ती गेली. त्याच नांदेडात पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजदाद झाली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सगळ्या राज्यात पटपडताळणी झाली आणि पटावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. पटाला अनुदान आणि शिक्षकाची जागा जोडलेली होती, म्हणून पट वाकला होता.

हा दोष आपल्याच मातीचा आहे असं समजू नका. अमेरिकेत २००१ साली संसदेनं कायदा केला की दरवर्षी एकसारखी परीक्षा घ्यायची आणि ज्या शाळेचे गुण वाढणार नाहीत तिच्यावर कारवाई करायची. अटलांटा शहरात काय झालं? गुण भराभर वाढले, वाहवा झाली. २०११ साली चौकशीचा अहवाल आला, तेव्हा कळलं की ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा हात त्यात होता. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं आणि त्याच वर्षी अमेरिकेला तो कायदाही बदलावा लागला. ज्या पोरांना वाचता येत नव्हतं त्यांना मात्र कागदोपत्री वाचता येत असल्यामुळं जादा शिकवणी मिळाली नाही. खरं नुकसान ते.

तेव्हा आपण हे ओळखून असावं: परीक्षेच्या गुणावरून मास्तरची बदली, शाळेची तुकडी किंवा साहेबाचा सत्कार ठरायला लागला की त्या गुणावर आपल्याला विसंबता येणार नाही.

पाचवीचा तिढा

आता पाचवीचीच परीक्षा का अडचणीची, ते आपल्या तालुक्याच्या नजरेनं पाहू.

आपल्याकडं कितीतरी वाड्या-तांड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. पाचवीला पोर शेजारच्या मोठ्या गावी नाहीतर चाकूरला जातं. नवी शाळा, नवे मास्तर, एसटीचा पास, सकाळी भाकरी बांधून निघायचं. आणि त्याच पहिल्या वर्षी परीक्षा. चौथीपर्यंत ज्या शाळेनं शिकवलं ती म्हणते, 'आमच्याकडनं गेला तेव्हा बरा होता.' पाचवीची शाळा म्हणते, 'आमच्याकडं आला तेव्हाच कच्चा होता.' नापासाचा शिक्का दोघांच्याही कपाळी नाही, पोराच्या कपाळी.

दुसरं ऊसतोडीचं. जळकोट, मुखेड, कंधार या डोंगरी भागातून आणि आपल्याही तालुक्याच्या काही तांड्यांवरून माणसं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात आणि उन्हाळा लागताना परततात. सोबत लेकरं जातात. पायाभूत चाचणीला पोर वर्गात असतं, संकलित एकच्या वेळी कोपीवर असतं, आणि वार्षिक परीक्षेला चार महिन्यांच्या खाड्यासह येऊन बसतं. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती प्रत्येक गावात आणि वेळेवर सुरू होत नाही. त्या पोराला ३५ टक्क्यांची अट आणि वर्षभर शाळेत बसलेल्यालाही तीच अट. पावसाचा एक थेंब न पडलेल्या रानाला बागायतीचं माप लावावं तसं हे झालं.

तिसरं वेळापत्रकाचं. २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक काढून परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या. एप्रिलमधला मराठवाडा वेळापत्रक करणाऱ्यांनी पाहिलेला नसावा. फेरपरीक्षा जूनमध्ये, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर, घरातला लहानथोर रानात असतो तेव्हा. आणि त्याआधीचं जादा शिकवणं मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना. कोण शिकवणार, कुठं शिकवणार, त्याचा मोबदला कोण देणार, याचं उत्तर गावात मिळालं नाही तर ते जादा शिकवणं झालंच नाही असं समजायचं.

आपल्या घरातला प्रश्न

मायबहिणींनो, आता थोडं आपल्या घरात बघू. पोरगा पाचवीत नापास झाला तर घरात काय बोललं जातं? 'याच्या डोक्यात नाही, शेरडं राखू द्या.' पोरगी नापास झाली तर? 'एवढं लांब जाऊन तरी काय करती? बसू दे घरी.' मग सोळा-सतराव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात. नापासाचा निकाल शाळा लावते, पण अंमल आपण करतो. म्हणून नापास हा शब्द श्रीमंताच्या घरात एक वर्ष खातो आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आयुष्य खातो.

आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. न शिकवता पास करणं हीसुद्धा फसवणूकच आहे. आठवीच्या पोराला काटापट्टी वाचता येत नसेल तर पास झाल्याच्या कागदाचं काय करायचं? समजा, ५ क्विंटल ४० किलो कापूस गेला, भाव ७,००० रुपये. झाले ३७,८०० रुपये. हमाली-तोलाई क्विंटलला २० रुपये धरली तर १०८ रुपये वजा, हातात ३७,६९२. हा हिशोब ज्या पोराला येत नाही ते आठवी पास असो की नापास, बाजारात नापासच आहे. तिथं फेरपरीक्षा नाही.

लातूर पॅटर्नचा अभिमान आपल्याला आहे आणि असावा. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांनी मागासलेल्या म्हणवल्या गेलेल्या मराठवाड्यातली पोरं गुणवत्ता यादीत नेली. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या प्राचार्यांनी त्यासाठी जन्म घातला. पण त्या पॅटर्नचं मूळ काय होतं? जादा तास, पुन्हा पुन्हा सराव, आणि चूक कुठं झाली ते पोराला दाखवणं. म्हणजे माती परीक्षण आणि लगेच खत. तेच काम तांड्यावरच्या तिसरीच्या वर्गात झालं पाहिजे. ते तिथं होत नाही, आणि पुढं अकरावी-बारावीला क्लासच्या फीसाठी आपण एकर विकायला काढतो. पाया कच्चा ठेवून माडी बांधायचा हा खर्च आहे.

फुल्यांनी काय मागितलं होतं

हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, हे त्यांनी तिथं मांडलं. प्राथमिक शिक्षण सर्वांना द्या, हिशोब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान शिकवा, शिक्षकाचा पगार वाढवा, असं सांगितलं. आणि तपासणीविषयी त्यांचं म्हणणं फार मोलाचं आहे. वर्षातून एकदा साहेब येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून न कळवता शाळेत जावं.

एकशे चाळीस वर्षांवर झाली. आज तपासणी चॅटबॉटवर होते. मास्तर मोबाइलवर गुण भरतो, ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जातात, तिथं पडद्यावर रंगीत आलेख उमटतो. गुण पुण्याला पोचतात, पण पोराच्या बापाला पोचत नाहीत. आपला दूध संघ फॅट लावतो तेव्हा पावती आपल्या हातात देतो. शाळेची पावती आपल्याला का नको?

आपण काय करायचं

तेव्हा 'नापास करा' किंवा 'करू नका' या दोन दाव्यांत आपण अडकायचं नाही. आपली भूमिका अशी: आधी शिकवा, तपासा, चुकलं ते पुन्हा शिकवा, आणि तोवर पोराला शिक्का मारू नका.

यासाठी हत्यार आपल्या हातात आहे. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा बायांच्या. अध्यक्ष पालकांतला. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा. मार्च २०२२ नंतर काही वर्षं जिल्हा परिषदेत निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासक कारभार बघत होते. तेव्हाही ही समिती गावात होती. पण आपण बहुतेक ठिकाणी सह्या करून चहा पिऊन उठतो. ते थांबवायचं आहे. प्रत्येक गावानं पुढच्या बैठकीत हे ठराव लिहून घ्यावेत:

१. प्रत्येक चाचणीनंतर पंधरा दिवसांत पोराला काय येतं आणि काय येत नाही ते पालकाला तोंडी सांगावं आणि लिहून द्यावं. नुसते गुण नकोत.

२. पाचवी-आठवीत जी पोरं मागं आहेत त्यांची नावं दिवाळीतच ठरावीत. जादा शिकवणं मे महिन्यापर्यंत लांबवू नये. मेमधलं शिकवणं कोण करणार ते नावानिशी इतिवृत्तात लिहावं.

३. चौथीपर्यंतची शाळा आणि पाचवीची शाळा यांच्या मास्तरांनी जूनमध्ये एकत्र बसून प्रत्येक पोराचा कागद हातोहात द्यावा.

४. ऊसतोडीहून आलेल्या लेकरांची आधी पाहणी करावी, महिनाभर शिकवावं, मग परीक्षा घ्यावी. हंगामी वसतिगृहाची मागणी पावसाळ्यातच पाठवावी.

५. परीक्षेच्या निकालावरून पट कमी करणं, शाळा बंद करणं किंवा मास्तरला शिक्षा करणं याला समितीचा विरोध राहील. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. अशा सुमारे १५ हजार शाळा राज्यात होत्या. तांड्यावरची शाळा गेली तर तिथल्या पोरीची परीक्षा घ्यायला पोरगीच उरणार नाही.

६. दर तीन महिन्यांनी शाळेत जाहीर वाचन-हिशोब व्हावा. २००५ पासून 'असर'ची पाहणी घरोघरी होते. त्यात पोराला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी, भागाकार करायला लावतात. पाच मिनिटांचं काम. ते आपल्या गावात आपणच करू. सातबारा वाचायला द्या, काटापट्टी द्या, विजेचं बिल द्या. कुणाला हसायचं नाही, कुणाचा नंबर काढायचा नाही. ज्याला येत नाही त्याचं नाव मास्तरकडं द्यायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

यात मास्तर आपला शत्रू नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती यांत त्याचा दिवस जातो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी कामं शिक्षकाला देऊ नयेत असं याच कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं. त्याला वर्गात राहू द्या अशी मागणीही त्याच ठरावाखाली लिहा. मग वर्गात राहून काय शिकवलं ते विचारायचा हक्क आपल्याला पुरा आहे.

जाता जाता एक हिशोब सांगतो. बियाणं उगवलं नाही तर आपण बियाण्याला दोष देऊन गप्प बसत नाही. दुकानदाराकडं जातो, पंचनामा मागतो, पिशवी आणि पावती दाखवतो. रान तयार होतं का, ओल होती का, खोल पडलं का, सगळं बघितलं जातं. आपलं लेकरू पाचवीत नापास झालं म्हणून कुणी सांगितलं तर तसाच पंचनामा मागा. किती दिवस शिकवलं? कधी तपासलं? जादा तास किती झाले? त्याचे कागद दाखवा. ते कागद नसतील तर नापास कोण झालं ते गावाला कळेल.

ठराव लिहिलेले कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक गावानं एक प्रत न्यावी, समितीच्या पुढच्या बैठकीत मांडावी आणि काय झालं ते पुढच्या जिल्हा बैठकीत सांगावं.